गाईला घातलेली चपाती

सत्यभामेनं ताटातली चपाती मोडून गाईच्या तोंडात दिली आणि दगडाबाईनं ते पाहिलं. वाढप संपवून, रिकामी परात कमरेवर घेऊन ती पाण्याच्या टाकीकडं निघाली होती. ती जागीच थांबली. दोघींच्या मधे एक दावण होती फक्त.

"कावून गं बाई, माज्या हातची चपाती तुज्या घशाखाली उतरंना?"

"मावशी, उपास हाय आज."

"आन् काल?"

सत्यभामेनं चपातीचा उरलेला तुकडा पदराआड केला.

"परवा बी उपासच हुता तुजा. देव तरी किती हायेत तुज्याकडं?" दगडाबाईनं परात दुसऱ्या कमरेवर घेतली. "सरळ म्हण की. मांगाच्या बाईनं लाटलेली हाय, चालत न्हाई म्हण. गाईला चालती, तुला न्हाई."

ती निघून गेली. सत्यभामेला तिच्यामागं धावावंसं वाटलं, दोन पावलं गेलीही, पण काय सांगायचं ते तोंडात येईना. ती परत फिरली, गाईचं दावं सोडून पुन्हा बांधलं, वैरणीचा भारा उगाच इकडचा तिकडं केला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या छावणीत झाली होती.

२०१९ चा उन्हाळा होता तो. नेकनूरच्या अलीकडच्या माळावर सहकारी दूध संस्थेनं जनावरांची छावणी उघडली होती. त्या साली खरीप अर्धं आलं आणि रब्बी पेरलीच गेली नाही. विहिरींचे तळ दिसत होते. ज्याच्या घरी जनावर त्यानं ते छावणीत आणायचं, आणि सोबत घरातल्या एका माणसानं तिथंच राहायचं, असा नियम. हिरव्या जाळीच्या सावलीखाली लांबच लांब दावणी, उसाचं वाढं घेऊन येणारे ट्रक, धुरळा, शेण आणि सारखं हंबरणं. सत्यभामेचा नवरा बंकट पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता, दिवसभर गावोगाव फिरायचा. सासू छबुबाई गुडघ्यानं अधू, मुलगी शाळेत. म्हणून दोन गाई आणि एक म्हैस घेऊन सत्यभामाच छावणीत आली होती.

छावणीचा आणखी एक नियम होता, चूल पेटवायची नाही. सगळीकडं वाळला कडबा, एक ठिणगी पुरली असती. त्याऐवजी संस्थेनं माळाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याचं शेड बांधून सगळ्यांचं जेवण सुरू केलं होतं. रेशनचा गहू होता, म्हणून चपाती. आणि सोयाबीनच्या वड्यांची भाजी. वड्या शिजायला सोप्या आणि अंगाला ताकदीच्या. लोक खूश होते. छावणीत फुकट जेवण कुठं मिळतं!

आणि सत्यभामेला नेमक्या याच दोन गोष्टी खाता येत नव्हत्या.

हे तिला कळलं होतं लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. मुलीच्या बाळंतपणानंतर ती वाळत गेली. जेवलं की पोट फुगायचं, पातळ व्हायचं, रक्त तर अंगात राहायचंच नाही. छबुबाईनं अंगारे केले, उतारे टाकले, नेकनूरच्या आणि गेवराईच्या डॉक्टरांच्या गोळ्या दिल्या. शरीर सुधारावं म्हणून तिला तूप लावून चपाती, गव्हाची खीर, रव्याचा शिरा असं चांगलंचुंगलं खायला घालायची. जितकं चांगलं खाऊ घालावं तितकी ती खंगायची. शेजारणी कुजबुजल्या की हिला माहेरीच काहीतरी लागलंय. शेवटी बंकटनं तिला औरंगाबादला एका पोटाच्या डॉक्टरकडं नेलं. रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतडं पाहिलं. डॉक्टर म्हणाले, गव्हात एक चिकट पदार्थ असतो, तो हिच्या आतड्याला सोसत नाही. गहू, रवा, मैदा, जव, जन्मभर बंद. कणसुद्धा नाही.

बंकट हसला होता तेव्हा. सुटल्यासारखा हसला. "म्हंजे भाकर खायची, एवढंच ना? आमी काय दुसरं खातो?"

आणि भाकरीनं खरंच तिला उभं केलं. जोंधळ्याची भाकरी, वरण, पिठलं. वर्षभरात गालावर मांस आलं. पण एवढंच नव्हतं ते. गिरणीत आधी गहू दळला असेल तर तिचं पीठ बाधायचं. सासूच्या चपातीच्या तव्यावर भाकरी टाकली तरी बाधायचं. पुड्यातल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं हे तिला फार उशिरा समजलं. आणि हे सगळं अंगवळणी पडतंय तोवर सोयाबीन आलं. मळणीच्या भुशानं तिचे डोळे सुजले, छाती घरघरली. नंतर एकदा बाजारच्या बेसनाची भजी खाल्ली आणि अंगभर गांधी उठल्या. त्या बेसनात सोयाबीनचं पीठ मिसळलेलं होतं. त्याच डॉक्टरांनी बजावलं, "गव्हानं तुम्ही हळूहळू आजारी पडाल. सोयाबीननं एखाद्या दिवशी श्वासच अडकेल. तोंडात घालू नका."

हे घरात ठीक होतं. तिनं वेगळा तवा घेतला, वेगळी परात घेतली, गिरणीवाल्याला विनवून सकाळी पहिलं दळण तिचं व्हायला लागलं. पण घराबाहेर? सत्यनारायणाचा शिरा हातावर ठेवला की काय करायचं? लग्नात कुणी आग्रहानं जिलबी घातली की? सुरुवातीला ती खरं सांगायची. लोक म्हणायचे, "गव्हाचा कुठं आजार असतो का? गरिबाला भाकर आजारी पाडत न्हाई आन् हिला चपाती पाडती!" कुणी म्हणायचं, नखरे. एका जावेनं तर देवाचा प्रसाद नाकारला म्हणून वर्षभर बोलणं टाकलं. मग सत्यभामेनं सोपी वाट काढली. उपास हाय, म्हणायची. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उपासाला भगर चालायची, शेंगदाणे चालायचे. हळूहळू गावात तिची मोठी भाविक बाई म्हणून ख्याती झाली. बायका पाया पडायला लागल्या. तिला लाज वाटायची, पण कुणी ताटात वाढत नव्हतं, हे बरं होतं.

लग्नकार्यात ती कधी बसलेली दिसायची नाही. या खोलीतून त्या खोलीत, पिशवीत भाकरी बांधलेली, नजर दुसऱ्यांच्या पळ्यांवर. कुठली पळी कुठल्या पातेल्यात जाते, कुणाच्या हाताला कणीक लागली आहे. लोकांना वाटायचं, कामसू बाई आहे.

छावणीत ही सोपी वाट चालेना. घरचा जोंधळा संपत आला होता आणि बाजारात गव्हापेक्षा जोंधळाच महाग झाला होता. बंकटचा टँकर त्या बाजूला आला तर तो फडक्यात बांधलेल्या भाकरी देऊन जायचा. कधी रोज यायचा, कधी तीन-तीन दिवस नाही. उन्हानं भाकरी लाकडासारखी व्हायची. ती पाण्यात भिजवून, मिरचीसोबत खायची. भाकरी संपली की शेंगदाणे. शेंगदाणे संपले की गाईचं कच्चं दूध. पंगतीत बसलं नाही तर लोक विचारतात म्हणून ती ताट घ्यायची, दावणीकडं यायची, आणि चपाती गाईला घालायची. भुकेनं डोकं हलकं व्हायचं तरी तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. रस्त्यावर टँकरचा आवाज आला की उठायची, दुसऱ्याच कुणाचा असायचा, परत यायची.

चपातीची गोष्ट संस्थेचे चेअरमन कल्याणराव यांच्या कानावर गेली. कल्याणराव मोठे बागायतदार, राजकारणातले, पण माणूस खोटा नव्हता. स्वयंपाकाला दगडाबाई त्यांनी मुद्दाम निवडली होती. काही घरांनी तेव्हा नाकं मुरडली होती आणि कल्याणरावांनी त्यांना ऐकवलं होतं. ते स्वतः रोज तिच्या हातचं जेवायचे. त्यांनी सत्यभामेला बोलावून घेतलं.

"सूनबाई, बंकट माजा माणूस हाय. म्हणून नीट सांगतो. छावणीत शिवाशीव चालणार न्हाई. रविवारी जयंती हाय, सगळ्यांची एकच पंगत करायची हाय. दगडाबाई वाढणार. तू पहिल्या रांगंत बसायचं."

"आबा, माजी तब्येत..."

"तब्येतीला काय झालं? चांगली तर दिसतीस."

तिनं सांगायला तोंड उघडलं. खुर्च्यांवर आणखी चार माणसं बसली होती, सगळी तिच्याकडं बघत होती. गव्हाचा आजार, सोयाबीनचा आजार. आज, या गोष्टीनंतर ते ऐकून कुणाला काय वाटलं असतं, हे तिला बरोबर कळत होतं. पकडलेल्या चोरानं सांगावी तशी सबब. ती म्हणाली, "बसते."

मधल्या दिवसांत तिनं मनाशी हिशेब घातला. चपाती खाल्ली तर आठवडाभर पोट जाईल, ते सोसता येईल. भाजीला शिवायचं नाही. कांदा-मीठ घेऊन अर्धी चपाती खायची आणि उठायचं. बंकटला तिनं हे टँकरच्या चाकाशी उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, "मी बोलतो आबांशी." ती म्हणाली, "नगं. तुमी बोललात तर म्हणतील, नवऱ्याला पुढं केलं." त्याला पुढच्या गावाला पाणी द्यायचं होतं, माणसं घागरी घेऊन वाट बघत होती. तो गेला.

रविवारी माळावर मंडप घातला. लांबच लांब ताटं मांडली. सत्यभामा पहिल्या रांगेत बसली. दगडाबाई चपात्या वाढत आली. सत्यभामेसमोर आली तेव्हा तिनं चपाती ताटात ठेवली नाही, हातात धरून उभी राहिली. "उपास सुटला का?"

"सुटला, मावशी. वाढा."

चपाती ताटात पडली. सत्यभामेनं घास मोडला, मिठाला लावला, खाल्ला. आजूबाजूच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. कल्याणरावांनीही ते पाहिलं आणि त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी वाढप्याच्या हातातली भाजीची बादली स्वतः घेतली. रांगेच्या टोकापासून वाढत आले. सत्यभामेनं ताटावर हात धरला. "हात काढ सूनबाई, कोरडं कसं खातीस!" आणि त्यांनी हात बाजूला व्हायच्या आत पळीभर रस्सा चपातीवर ओतला.

सगळी रांग बघत होती. दगडाबाई परात घेऊन तिथंच उभी होती. सत्यभामेनं रश्श्यात भिजलेला एक घास उचलला. दुसरा उचलला. तिसऱ्याला तिच्या ओठांना मुंग्या आल्या.

ती उठली तेव्हा कुणाला वाटलं पाणी प्यायला निघाली. मानेवर लाल गांधी उठत होत्या. तिनं मंडपाचा खांब धरला. श्वास आत जात होता, पण शिट्टीसारखा आवाज करत. डोळे सुजून बारीक झाले. मग ती खांबाला धरूनच खाली बसली, आणि तिला पहिल्यांदा हात लावला तो दगडाबाईनं. "अगं, काय हुतंय? काय हुतंय पोरी? गाडी आणा की रं कुणीतरी!"

कल्याणरावांच्याच जीपमधून तिला दवाखान्यात नेलं. दंडात सुई गेली, मग नाकावर मास्क. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" जीपमधून सोबत आलेली दगडाबाई दाराशी उभी होती. सत्यभामेला बोलता येत नव्हतं.

रात्र दवाखान्यात काढून ती दुसऱ्या दिवशी छावणीत आली तेव्हा तिथं वेगळंच पेटलं होतं. स्वयंपाकाचं शेड बंद होतं. दगडाबाई शेडबाहेर जमिनीवर बसली होती आणि ज्या घरांनी तेव्हा नाकं मुरडली होती त्या घरांची माणसं कल्याणरावांपुढं उभी होती. दगडाबाईनं राग धरून बाईला जेवणात काहीतरी घातलं, असं त्यांचं म्हणणं होतं. आठ दिवसांपूर्वीचं भांडण सगळ्यांना ठाऊक होतं. सुग्रीव नावाचा एक जण म्हणत होता, "आमी तवाच सांगितलं हुतं, आबा."

सत्यभामा जीपमधून उतरली. चेहरा अजून सुजलेला. बंकटनं दंड धरला होता, तो तिनं सोडवून घेतला.

"मावशीनं काई घातलं न्हाई," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. माणसं वळली. "सगळ्यांनी खाल्लं. कुणाला काई झालं का? मला झालं, कारण मला सोयाबीन चालत न्हाई. गहू बी चालत न्हाई. आजार हाय माजा, डॉक्टरनं सांगितलाय, आठ वर्सं झाली. मी उपास म्हणत हुते ते खोटं हुतं. एक बी उपास न्हाई माजा."

मागून एक म्हातारी पुटपुटली, "म्हंजे शनवार बी न्हाई?"

"शनवार बी न्हाई."

सुग्रीव म्हणाला, "गव्हाचा कुणाला आजार असतो का कुठं?"

"मला हाय," सत्यभामा म्हणाली. "इस्वास ठिवू नगा. पर मावशीला उठवा तिथून."

कल्याणराव खुर्चीतून उठले. पळीभर रस्सा आपण कसा ओतला हे त्यांना आठवत असावं. ते तिच्याकडं न बघता शेडच्या दाराकडं गेले आणि स्वतः कडी काढली. दगडाबाई उठली, पदर झटकला आणि आत गेली. सत्यभामेकडं तिनं पाहिलंही नाही.

तिसऱ्या दिवशी दगडाबाई दावणीशी आली. हातात फडक्यात गुंडाळलेली गरम भाकरी होती. "घरून जोंधळ्याचं पीठ आणलं. खा." सत्यभामेनं तिच्यासमोर बसून सगळी खाल्ली. तिला रडू येत होतं, भुकेचं की कशाचं ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही भाकरी आली, तिसऱ्याही. आणि तिचं पोट पुन्हा बिघडलं. भाकरी चपातीच्या तव्यावर भाजली होती, कणकेच्या परातीत थापली होती.

आता हे कसं सांगायचं? नाकारलेली चपाती एक गोष्ट होती. ही भाकरी मायेनं आली होती. सत्यभामा दोन दिवस दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिली. पुन्हा गाईला घालावी, असं एकदा मनात आलं. मग ती स्वतःच शेडकडं गेली.

"मावशी, भाकर चालती. तुमचा तवा चालत न्हाई."

दगडाबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. "आता तव्याला बी इटाळ?"

"इटाळ न्हाई. कणीक लागलेली हाय त्याला. माज्या सासूचा बी तवा मला चालत न्हाई."

"सासूचा बी?"

"सासूचा बी."

दगडाबाई अचानक मोठ्यानं हसली. "हे बेस झालं. सासू आन् मांगीण एका रांगंत बसवली तू." ती पुन्हा लाटायला लागली. "लई अवघड हायेस बाई तू."

कल्याणरावांनी पाण्याच्या टाकीशेजारी, कडब्यापासून लांब, एक वेगळी चूल मांडू दिली. एकदाच आले, चूल बघितली, "बस एवढंच ना," म्हणाले आणि गेले. जोंधळा मात्र कुठून आणायचा हा प्रश्न होताच. दगडाबाईचा भाऊ गेवराईकडं गोदावरीकाठी होता, त्याच्याकडं बाजरी होती. सत्यभामेच्या घरचा रेशनचा गहू त्याला जायचा, त्याची बाजरी इकडं यायची. गिरणीत सगळे गहूच दळत होते, तेव्हा दळण दगडाबाईच्या घरच्या जात्यावर. सत्यभामा पहाटे दूध घालून मांगवाड्यात जायची, दगडाबाईसमोर बसायची, दोघी एकच खुंटा धरून बाजरी दळायच्या. छबुबाईला हे कळलं तेव्हा तिनं बंकटला विचारलं, "हिला आता तिथलं पीठ चालतं, आन् माज्या तव्यावरचं चालत न्हाई?" बंकट टँकरची किल्ली उचलून बाहेर पडला. छबुबाई कितीतरी दिवस सत्यभामेशी तुटक बोलत होती.

पाऊस उशिरा आला, पण आला. छावणी मोडली, माणसं आपापली जनावरं हाकत घरी गेली. दगडाबाईचं काम सुटलं. ती गेवराईला भावाकडं गेली आणि जाताना जातं सत्यभामेकडं ठेवून गेली. "आले की नेईन," म्हणाली. अजून नेलं नाही.

घरी वेगळाच पेच होता. सोसायटीनं सोयाबीनचं बियाणं दिलं होतं. बंकटनं सगळ्या रानात तेच पेरायचं ठरवलं होतं. छावणीच्या सालानंतर हातात काहीतरी यायला हवं होतं, आणि पिकाला खात्रीचं गिऱ्हाईक होतं. सत्यभामा बांधावर उभी राहून भांडली.

"खायचं काय मी?"

"इकत आणू की जोंधळा."

"अन् मळणीला? दारातच मळणार ना तुमी?"

त्यानं बियाण्याची पिशवी बांधावर टेकवली. "मग काय करू म्हणतीस? सगळं रान जोंधळ्याला टाकू? कुणी घेतं का जोंधळा?"

त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी घराजवळच्या तुकड्यात बाजरी पडली आणि बाकी सगळं सोयाबीन. सत्यभामा पाऊस चालू असेपर्यंत रोज त्या बाजरीच्या तुकड्यात जाऊन यायची. खुरपायचं काही उरलं नसलं तरी.

दिवाळीच्या आसपास यंत्र आलं. शेजारच्या रानात मळणी सुरू झाली आणि वाऱ्यानं भुसा तिच्या अंगणात यायला लागला. सकाळीच तिचा घसा खवखवला. तिनं दारं-खिडक्या लावल्या, ओला पदर नाकाला बांधला, मग पिशवी भरली. मुलीला घेऊन ती नांदूरघाटला, माहेरी निघाली. बंकट एसटीपर्यंत सोडायला आला.

"पुढल्या साली रब्बीला जोंधळाच टाकू," तो म्हणाला. "सगळ्या रानात."

"टाकताल तवा टाकताल," ती म्हणाली.

एसटी भरलेली होती. मुलीला जागा मिळाली, सत्यभामा दांडीला धरून उभी राहिली. नेकनूरपासून केजच्या रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंना सोयाबीनच होतं, कुठं कापलेलं, कुठं ढिगारे, कुठं यंत्र आणि त्याच्यावर पिवळट धुरळा. तिनं खिडकी लावून घ्यायला सांगितलं. खिडकीजवळच्या माणसानं विचारलं, "कावून? गरम हुतंय की." तिनं त्याला सगळं सांगितलं. भुसा, छाती, गहू, सगळं. त्याला पटलं की नाही कळलं नाही, पण त्यानं काच ओढली.

माहेरी पोचली तेव्हा भावजयीनं दारातच भाकरतुकडा ओवाळला आणि आत कणीक मळायला बसली, पाहुणी आली म्हणून. सत्यभामेनं पिशवी खाली ठेवली नाही. तशीच स्वयंपाकघरात गेली, फळीवरचा तवा उतरवला, चुलीतली राख घेतली आणि मागच्या दारी बसून तो घासायला लागली.

"अगं, बस तरी आदी!" भावजय म्हणाली. "आत्ता आलीस की."

"बसते," ती म्हणाली, आणि घासतच राहिली.